बुढीची देवी झाली होती: एका पुतळ्याच्या डोळेबदलाचं प्रकरण

फोन आला तेव्हा मी एका नर्सिंग शाळेच्या पुतळ्याची पापणी चिकटवत बसले होते. पलीकडून म्हातारा आवाज, आणि प्रस्तावना वगैरे काही नाही.

"ताई, तुमी डोये बसवता म्हंते. आमच्या बुढीचे बदलून देता का?"

मला वाटलं, कोणाचा तरी कृत्रिम डोळा सैल झाला असेल. विचारलं, आजींना घेऊन येता का पुलगावला? तर म्हणाले, "तिले आननं जमत नाई. उचलाले चौघं लागते. आन् ते तशी मागच्या साली वारली."

घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गाव आर्वी तालुक्यातलं, याहून जास्त ओळख देत नाही. आजोबांना मी काकाजी म्हणत गेले, इथेही तेच म्हणते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. नऊ वर्षं मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात कृत्रिम डोळे बनवायचं काम केलं. अपघातात, तुऱ्हाटी लागून, फटाक्याने, बैलाच्या शिंगाने डोळा गेलेली माणसं यायची आणि त्यांच्या उरलेल्या डोळ्याचा जोडीदार रंगवून द्यायचा. आता घरूनच काम करते. माणसांचं थोडं, पुतळ्यांचं जास्त. आणि एक काम असं आहे की ज्याबद्दल कोणी बोलत नाही: कुरिअरने खोकं येतं, त्यात मोठ्या माणसाच्या मापाच्या बाहुलीचं नुसतं डोकं. सोबत चिठ्ठी, 'डोळे बदलून हवेत, तपकिरी'. पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट. मी विचारत नाही. एकट्या माणसाने घरात काय ठेवावं हे मी का सांगू? पण हे लोक डोळ्यांबाबत फार चोखंदळ असतात, आणि काकाजींच्या घरी जे उपयोगी पडलं त्यातलं बरंच मी त्या डोक्यांवर हात मारूनच शिकले आहे.

मी गेले तेव्हा फेब्रुवारी होता. तूर निघाली होती, अंगणात तुऱ्हाट्यांचा ढीग. ओसरीत दिवाणावर आजी बसलेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला. वर्षश्राद्धाच्या आधी त्याने परराज्यातल्या एका कारखान्याकडून हा पुतळा करवून घेतला होता. अंग फायबरचं, डोकं आणि हात सिलिकॉनचे, केस एकेक रोवलेले. हातांचं काम पाहून मी थबकले. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, कापूस वेचून चिरलेली नखांची कड, सगळं बरोबर होतं. मग वर चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे झाले.

पुतळा संक्रांतीच्या चार दिवस आधी आला होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी कपाळाला कुंकू लावलं. त्यात वावगं काही नाही, आजी अहेव गेल्या. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओटी भरली. तिसऱ्या दिवशी एकीने पायावर डोकं ठेवलं. रथसप्तमीपर्यंत पुढ्यात नारळ फुटायला लागले. काकाजींचं गाऱ्हाणं हे होतं.

"पोराने हौसेनं आनली. पन हे काई आमची बुढी नोहे. देवी हाये हे. मले देवी नाई पायजे, बुढी पायजे."

सुनेची तक्रार वेगळी. ती म्हणाली, फोडणी टाकताना पाठीला नजर लागते, सासूबाई काहीतरी चुकलं म्हणून वटारून बघतायत असं वाटतं. रात्री ती पुतळ्यावर ओढणी टाकायची. आणि पाच वर्षांच्या नातवाने तर ओसरीतून जाणंच सोडलं होतं. मागच्या दाराने गोठ्यातून वळसा घालून अंगणात यायचा. "आजी मी जिकडं जातो तिकडं पाह्यते," त्याने मला सांगितलं, आणि सांगताना स्वतः खांबाआड उभा होता.

दवाखान्यातली सवय अशी की तक्रार ही लक्षण म्हणून ऐकायची. इथे तीन माणसांची तीन लक्षणं होती आणि ती तिन्ही खरी निघाली.

पोराचं आधी घेते, कारण घरात त्यालाच सगळे हसत होते. पुतळ्यांच्या डोळ्यांत एक प्रकार असतो, ज्यात बुबुळ पृष्ठभागाशी नसून आत खोल, वाटीसारखं पोकळ बसवलेलं असतं आणि वर पारदर्शक घुमट. आपला मेंदू पोकळ बुबुळ पाहायला तयार नसतो. तो ते फुगीरच मानतो. मग आपण बाजूला सरकलो की डोळाही आपल्याबरोबर वळल्याचा भास होतो. बाजारात हे डोळे खुबी म्हणून विकले जातात, 'नजर तुमच्या मागे फिरते'. फोटोत छान दिसतात. घरात, चोवीस तास, पाच वर्षांच्या मुलाच्या वाटेवर अजिबात नकोत. पोरगा नेमकं तेच सांगत होता.

सुनेच्या तक्रारीचं कारण मोजून सापडलं. पुतळ्याच्या पापण्यांमधली उघडीप 14 मिमी भरली. माणसाची साधारण 9-10 मिमी असते. शांत बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळाच्या माथ्यावर एक-दोन मिमी आलेली असते आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला टेकलेली. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की चेहरा बहुधा घाबरलेला, दचकलेला नाहीतर संतापलेला वाटतो. इथे वर आणि खाली दोन्हीकडे पांढऱ्याची बारीक रेघ होती.

आणि आता काकाजींची देवी. महालक्ष्म्यांचे मुखवटे आठवा. कोठीवर मुखवटा चढवला, साडी नेसवली की दोन्ही बहिणी समोर येईल त्या प्रत्येकाकडे पूर्ण उघड्या डोळ्यांनी पाहतात. बुबुळ कुठल्याच पापणीला टेकत नाही, ते पांढऱ्यात सुटं असतं. देवाचा डोळा तसाच हवा, कारण दर्शन म्हणजे आपण देवाला पाहणं जितकं, तितकंच देवाने आपल्याला पाहणं. मोठं बुबुळ, सुटी कड, सगळ्यांवर एकदम पडणारी नजर: कारखान्याच्या डोळ्यांत हे तिन्ही होतं. बुबुळाचा व्यास 13 मिमी होता. मोठ्या माणसाचं बुबुळ साडेअकरा-बारा मिमीच्या आसपास असतं, आणि गंमत म्हणजे उंच-ठेंगणा, बाई-पुरुष, यात त्या मापात फारसा फरक पडत नाही. दीड मिमी म्हणजे काय, असं वाटेल. डोळ्याच्या कामात दीड मिमी म्हणजे वावरातली दीड पट्टी. गावातल्या बायका भाबड्या नव्हत्या. डोळे देवीचे होते, त्यांनी देवीचा मान दिला.

चौथं लक्षण कोणी सांगितलं नव्हतं, ते टॉर्चने सापडलं. तिरळेपणा तपासायची जुनी पद्धत आहे: समोरून उजेड पाडायचा आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुलीत, म्हणजे बुबुळामधल्या काळ्या छिद्रात, चमक कुठे पडते ते पाहायचं. चमक एक मिमी सरकलेली दिसली की डोळा सुमारे सात अंशांनी वळलेला समजायचा. उजव्या डोळ्यात चमक मध्यावर होती. डाव्यात मिमीभर बाहेरच्या बाजूला. म्हणजे डावा डोळा आत वळला होता. डॉक्टर हे माणसांवर करतात, मी पुतळ्यांवर मोबाइलच्या टॉर्चने करते. कोणाला वाटलं तर घरच्या घरी करून पाहण्याजोगी गोष्ट आहे.

इतक्या सुरेख हातांवर असे डोळे का, याचा उलगडा मुलाने व्हिडिओ कॉलवर केला. कारखान्याने समोरून काढलेला, स्पष्ट फोटो मागितला होता. घरात तसा एकच होता, सरकारी कार्डासाठी काढलेला. त्या फोटोत कोणीच स्वतःसारखं नसतं. कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणतो, "आजी, डोळे उघडा, अजून उघडा," आणि आजी बिचारी आयुष्यात कधी उघडले नसतील इतके डोळे उघडून बसते. कारागिराने जे दिसलं ते इमानाने घडवलं. मूळ चूक फोटोची.

म्हणून मी सगळे फोटो काढायला लावले. पेटीतले, मोबाइलमधले, भाचीच्या लग्नातले. कोण चांगलं दिसतं हे बघायचं नव्हतं, कॅमेऱ्याचं भान नाही असा फोटो हवा होता. लग्नाच्या पंगतीतला एक मिळाला: आजी पदर सावरून कोणाच्या तरी पत्रावळीकडे बघतायत. बुबुळाचं माप ठरलेलं असल्यामुळे तेच फूटपट्टी म्हणून वापरता येतं. पडद्यावर बुबुळाची रुंदी मोजायची, ती साडेअकरा मिमी धरायची आणि त्या हिशेबाने पापणी किती खाली आहे ते काढायचं. आजींची वरची पापणी बुबुळावर अडीच मिमी उतरलेली निघाली. जड पापण्यांची बाई. वाकून काम करणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या कित्येक बायकांची नजर अशी अर्धी झाकलेलीच असते.

त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक फिकट गुलाबी तिकोनी पापुद्रा बुबुळावर चढलेला. आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात मांस वाढलं. ऊन आणि धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतं, विदर्भात तर घरोघरी दिसेल. लग्नाच्या अल्बममधल्या सजवलेल्या फोटोंत स्टुडिओवाल्याने ते पुसून टाकलं होतं, हातभर बांगड्या आणि कोरे पांढरे डोळे. यावरून पुढे वाद झाला, तो सांगतेच.

जुने डोळे काढायला अर्धा दिवस गेला. सिलिकॉनच्या पापणीला साबणाचं पाणी लावायचं, आइसक्रीमचा लाकडी चमचा कडेने फिरवायचा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढायला मिळतो तो छोटा रबरी कप बुबुळाला चिकटवून हलक्या हाताने ओढायचं. धातूचं काही वापरायचं नाही. सिलिकॉनला सुईएवढी चीर पडली तरी ती धावत जाते, आणि पहिली फाटते ती डोळ्याची कोपऱ्याची जागा. तेल लावायचं नाही. कुरिअरने येणारी डोकी बहुतेक टीपीई नावाच्या रबरासारख्या मऊ पदार्थाची असतात. त्याला आधीच तेल सुटत असतं, आणि ते ऊब दिली की सैल होतं, म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवते. सिलिकॉन तसं उबेने सैल होत नाही. दोन्हींत एक नियम समान: ॲक्रिलिकच्या डोळ्याजवळ ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी, फिरकू द्यायचं नाही. डोळा पांढुरका होऊन तडकतो.

उजवा सहज निघाला. डावा मात्र कोणीतरी मागून कडक एपॉक्सीने पक्का करून टाकला होता, म्हणूनच तो वाकडा राहिला होता. ज्याने बसवला त्याला नंतर वळवताच आला नसेल. दोन तास कोरत बसले. निघाले ते पूर्ण गोळे, 26 मिमीचे.

आता निवड. 26 काढले म्हणून 26 बसवायचे, अशी सर्रास चूक होते. माणसाचा डोळा जवळपास 24 मिमीचा असतो. पुतळ्यांसाठी मोठे गोळे वापरतात कारण खोबण भरून निघते आणि बसवणं सोपं जातं. मी 24 च्या वक्रतेच्या अर्धगोल वाट्या घेतल्या. अख्खा गोळा खोबणीत घट्ट बसतो आणि मग फक्त फिरतो. वाटी मात्र पुढे-मागे घेता येते, तिरकी करता येते, दोन्ही डोळे वेगवेगळ्या खोलीवर बसवता येतात. माणसाचे दोन डोळे तरी कुठे तंतोतंत सारखे असतात?

काच की ॲक्रिलिक? काचेच्या डोळ्याला जी ओली खोली असते ती दुसऱ्या कशाला नाही. जर्मनीतल्या लाउशा गावात लुडविग म्युलर-उरी नावाचा कारागीर बाहुल्यांचे काचेचे डोळे फुंकायचा. 1835 च्या सुमारास तो माणसांसाठी डोळे करू लागला. निदान त्या गावात तरी आमचा धंदा बाहुलीकडून माणसाकडे आला, उलटा नाही, हे मला नेहमी बरं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेत दातांच्या कवळ्या करणाऱ्या तंत्रज्ञांनी ॲक्रिलिकचे डोळे केले आणि आज आपल्याकडे बहुतेक तेच बनतात. काकाजींच्या ओसरीत नातू होता, मांजर होतं आणि पडलेल्या नारळांचा अनुभव होता. ॲक्रिलिक. साच्यात ओतलेल्या रेझिनचे डोळे स्वस्त मिळतात, पण ओसरी पश्चिमेकडे तोंड करून; त्या उन्हात ते पाहता पाहता पिवळे पडले असते.

रंगावरून घरात सभा भरली. अमरावतीहून लेक आली होती. मी पाच नमुने मांडले तर तिने मधाच्या रंगाचा उचलला, "आईचे डोळे असे पाणीदार होते." काकाजी म्हणाले, "काये होते." दोघांचं बरोबर असू शकतं. आपल्याकडचा गडद तपकिरी डोळा उन्हात वीतभर अंतरावरून मधासारखा दिसतो आणि ओसरीच्या सावलीत चार हातांवरून काळा. लेक आईच्या कुशीतून पाहिलेला डोळा सांगत होती, काकाजी खाटेवरून पाहिलेला. पुतळा खाटेवरूनच पाहिला जाणार होता. नमुना हातात धरून, दारात जाऊन निवडलेला रंग नेहमी फिका निघतो. जिथे बसायचं तिथे, ज्या वेळी पाहिलं जाणार त्या वेळी, त्या अंतरावरून निवडायचा. तरी मी आजींच्या धाकट्या बहिणीला शेजारच्या गावाहून बोलावलं आणि तिच्या डोळ्याशेजारी नमुना धरून सकाळ-दुपार-संध्याकाळ पाहिला. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवणं म्हणजे फोन कंपनीचा रंग जुळवणं.

वयाच्या खुणा हा वेगळा विषय. साठीतल्या शेतकरीण बाईचा डोळा पांढरा नसतो. तो हस्तिदंती असतो, बुबुळाच्या दोन्ही बाजूंना उन्हाने आलेले पिवळसर डाग असतात, बुबुळाच्या कडेवर राखाडी धुरकट कडं धरू लागलेलं असतं, आणि बाहुली तरुणपणापेक्षा लहान. मी ती 3 मिमीची ठेवली. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उकलून त्याचे केसाहून बारीक तंतू ओल्या ॲक्रिलिकवर टाकते. शिरा कमी टाकायच्या. नवशिक्याचा डोळा नेहमी रात्रभर जागलेला दिसतो.

आणि मग ते मांस.

लेक म्हणाली, नको. तिच्या म्हणण्यात जीव होता: आईला त्याची लाज वाटायची, ऑपरेशन करू करू म्हणत राहून गेलं, आता तरी तिला स्वच्छ डोळे मिळू देत. काकाजी खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मांस काढलं तं मंग कोनती बुढी? अशा लय बुढ्या हाये गावात." सून तटस्थ. पुण्याचा मुलगा म्हणाला, बाबा म्हणतील ते.

दवाखान्यात असते तर मी माणसाला विचारलं असतं. इथे विचारायची सोय नव्हती. मी काकाजींच्या बाजूने गेले, पण अर्धीच: पापुद्रा ठेवला, बुबुळावर फक्त दीड मिमी चढलेला, रंग फिका, लाली नाही. फोटोतला त्याहून मोठा होता. लेकीला मी हे सांगितलं नाही आणि काकाजींनाही नाही. बरोबर केलं की नाही, माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

नजर कुठे लावायची, हा प्रश्न मी सगळ्यांना वेगवेगळा विचारला होता. लेक म्हणाली दाराकडे. मुलगा म्हणाला कॅमेऱ्याकडे, म्हणजे समोर. मला वाटलं होतं काकाजी स्वतःकडे लावायला सांगतील. ते म्हणाले, "माह्याकडे कायले? माह्याकडे ते कधी पाह्यतच नव्हती. वाळवनाकडे पाहे." मूगवड्या, सरगुंडे, तुरीची डाळ, जे काही अंगणात टाकलं असेल त्यावर कावळा-कोंबडीचा डोळा असायचा आणि या दिवाणावर बसून आजींचा त्या कावळ्या-कोंबडीवर.

मी टेप लावला. बसलेल्या पुतळ्याचे डोळे जमिनीपासून 115 सेमी वर. वाळवणाची जागा दोन मीटरवर. म्हणजे नजर 30 अंश खाली. सगळं डोळ्यांवर टाकलं तर ताण दिसतो. माणूस अर्धं काम मानेने करतो. मानेच्या बोल्टखाली पाचर घालून 12 अंश डोकं वाकवलं, उरले 18 अंश डोळ्यांकडे.

इथे मी चुकले. घाई होती, एसटी गाठायची होती, म्हणून वाट्या मागून तेलाच्या मातीवर (तेलात मळलेली, न वाळणारी माती) बसवल्या, 18 अंश खाली वळवल्या आणि सगळ्यांना बोलावलं. काकाजी पाहत राहिले. मग म्हणाले, "आता तं अंगातच आलं."

बरोबर होतं त्यांचं. 12 मिमी त्रिज्येचा गोळा 18 अंश फिरला की बुबुळाचा मध्य पावणेचार मिमी खाली उतरतो. जिवंत माणसाची वरची पापणी त्याच्याबरोबर उतरते. पुतळ्याची जागच्या जागी राहते. बुबुळाच्या वर जवळजवळ 5 मिमी पांढरं उघडं पडलं होतं, देवी गेली आणि झपाटलेली आली. नऊ वर्षं डोळ्यांत घालवून मला हे आधी सुचू नये! माणसाच्या खोबणीत मी फक्त डोळा बसवत आले. पापणी देवाने किंवा सर्जनने आधीच दिलेली असायची. बाहुल्यांच्या डोक्यांतही चिठ्ठीवाल्यांना समोरचीच नजर हवी असते. नजर खाली हवी असेल तर आधी पापणी, मग डोळा, हा क्रम या ओसरीत शिकले.

वरच्या पापणीला साडेसात मिमीची नवी झालर लागणार होती. खालची तशीच चालणार होती, कारण खाली पाहताना ती खरोखरच थोडी खाली सरकते. दुसऱ्या फेरीत मी प्लॅटिनमने पक्कं होणारं सिलिकॉन घेऊन गेले आणि जागेवरच पापणी बांधायला बसले. संध्याकाळी चिकट, सकाळी चिकट, दुसऱ्या रात्री चिकट. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन धरतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते गंधकाला भितं हे विसरायला होतं. माझ्या तेलाच्या मातीत गंधक होतं. तिचा नुसता स्पर्श झालेली कडही आळत नाही. साध्या लेटेक्सच्या हातमोज्यांनीही हेच होतं, म्हणून मी निळे नायट्राइलचे वापरते, पण मातीकडे लक्ष गेलं नाही. सगळं खरवडलं, पापणीची कड पुसून घेतली, प्लास्टरमध्ये ठसा घेऊन घरी आले आणि नव्या पापण्या टेबलावर ओतल्या. कडेला कागदाहून पातळ, मध्ये जाड. पापणीचे केस पुन्हा रोवले. उतारवयाच्या बाईला विरळ आणि आखूड पुरतात. तिसऱ्या फेरीत सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवल्या. अर्धा तास.

त्या दिवशी काकाजी काही बोलले नाहीत. आत जाऊन मुठीत डाळ आणली आणि अंगणात दोन मीटरवर पसरली. सुनेने चहा ठेवला. पोरगं खांबाआडून निघालं, ओसरीतून सरळ चालत गेलं आणि परत आलं. "पाह्यत नाई," म्हणालं.

प्रकरण इथे संपलं असतं, पण मी आत वाट्यांच्या मागे ती माती तशीच ठेवली होती. कडेची साफ केली, आतली कोण बघतं? मे आला. वर टिन, बाहेर 45-46 अंश, ओसरीत त्याहून काय कमी. तेलाची माती त्या उन्हाळ्यात लोणी होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असतानाच फोन आला, "ताई, बुढीले झोप यून रायली." उजवी वाटी खाली सरकून बुबुळ अर्धं खालच्या पापणीआड गेलं होतं. मी पहाटेच्या गाडीने गेले, सगळी माती काढली आणि कापसाच्या घट्ट वळ्या भरून तीन जागी सिलिकॉनचे ठिपके दिले. कापूस त्यांच्याच घरचा होता. टॉर्च नजरेच्या रेषेत धरून चमक दोन्हीकडे सारखी आली तेव्हा घामाने माझंच काही धड दिसत नव्हतं. या फेरीचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नही नव्हता.

नारळ येणं बंद झालं आहे. कुंकू अजून लागतं, संक्रांतीला. सून म्हणते ओढणीची गरज पडत नाही, फक्त झाडताना ती नकळत वाळवण बाजूला न सारता वळसा घालून झाडते. लेक दिवाळीत आली तेव्हा डोळ्यांकडे बराच वेळ पाहत होती असं कळलं. मला तिचा फोन आला नाही.

जुने डोळे मी काकाजींना पुडीत बांधून दिले होते, कारखान्याला परत पाठवायचे असतील म्हणून. त्यांनी ते कोनाड्यात ठेवले. पुढच्या वेळी गेले तर पोरगं अंगणात रिंगण आखून गोट्या खेळत होतं, आणि त्याचा नेमाचा गोटा 26 मिमीचा, पोकळ बुबुळाचा होता. दुसरा कुठे म्हणून विचारलं, तर म्हणालं, तो हरला.